सप्तपर्णीवरचा आळ

माझं काम एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून मधली बरीच वर्षं मी ते सांगणंच सोडून दिलं होतं. नेरच्या गाडीत शेजारी बसलेली बाई विचारायची, "मास्तरीण आहे का तुमी?" मी नाही म्हणायची. "मंग नर्स?" तेही नाही. "मंग करता तरी काय?" एकदा खरं सांगून पाहिलं. म्हटलं, "हवेत काय काय उडतं, ते मोजते." त्या बाईनं खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मांडीवरची पिशवी जरा स्वतःकडे ओढून घेतली.

पण मी खोटं बोलले नव्हते. यवतमाळात छातीच्या विकारांचा एक दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरांनी गच्चीवर परागकण पकडायचं यंत्र बसवलं होतं आणि ते सांभाळायला वनस्पतिशास्त्र शिकलेलं माणूस त्यांना हवं होतं. मी एम.एस्सी. झालेली होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. वडील सही करायला शिकले ते माझ्या कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी. त्याआधी ते अंगठा लावत. लेकीच्या कागदावर अंगठा नको, म्हणाले, आणि आठवडाभर पाटीवर स्वतःचं नाव गिरवत बसले. एवढं शिकून मी दवाखान्याच्या गच्चीवर धूळ गोळा करते, हे गावात कोणाला पटलं नाही. वडिलांनी मात्र एकदाच विचारलं, "हे काम दुसऱ्या कोनाले येते का तिथं?" मी नाही म्हटलं. "मंग झालं," म्हणाले.

यंत्र दिसायला साधं. पत्र्याच्या डब्याएवढं, मागे शेपटासारखी पट्टी, म्हणजे वारा जिकडून येईल तिकडे ते आपोआप तोंड करतं. तोंडाला बारीक फट. त्यातून हवा आत ओढली जाते आणि आत चिकट पट्टी लावलेलं एक चाक घड्याळाच्या गतीनं फिरत असतं. हवेतलं जे काही असेल ते पट्टीला चिकटतं. ती पट्टी मी कापायची, काचेवर ठेवायची, वर गुलाबी रंगाचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण ओळखून मोजायचा. रंग परागकणाला लागतो, धुळीला लागत नाही. बाभळीचा कण असतो एखाद्या शिवलेल्या चेंडूसारखा, बरेच तुकडे एकत्र चिकटलेले. गवताचा म्हणजे एकच छिद्र पाडलेला गोल मणी. गाजरगवताचा काटेरी. बुरशीचे कण निराळेच, काही तर मारुतीच्या गदेसारखे. ओळखायला शिकलं की माणसांच्या चेहऱ्यांसारखे ते लक्षात राहतात.

एकदा चाकाचं घड्याळ बंद पडलं. कंपनीचा माणूस यायला महिना लागला असता, म्हणून मी ते बाजारातल्या हमीदभाई घडीसाजांकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावून ते उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "बाई, इसमें कांटेच नै. ये टाइम कैसा बताती?"

"टाइम नाही सांगत. केव्हा काय उडालं ते सांगते."

"मतलब चुगली करती," ते म्हणाले, आणि दुरुस्त करून दिलं. माझ्या यंत्राचं इतकं नेमकं वर्णन नंतर कोणी केलं नाही.

या कामाला सुट्टी नाही. झाडं दिवाळी पाळत नाहीत. दसरा असो, पोळा असो, सकाळी गच्चीवर जायचं आणि पट्टी बदलायची. गच्चीवरून शहर दिसतं, पण माणसं फारशी दिसत नाहीत, झाडंच दिसतात. आणि मोजताना बोलून चालत नाही, आकडा चुकतो. म्हणून मोजायच्या खोलीचं दार लावून घ्यायची सवय लागली. पुढे पुढे दार उघडं असलं तरी कोणी आत येईनासं झालं. लग्नाचं जमलं नव्हतं. गावाकडच्या स्थळांना मी जास्त शिकलेली वाटायची आणि शहरातल्या स्थळांना खेड्यातली. आई होती तोवर रात्री फोन यायचा, "जेवली का?" आई गेल्यावर हा प्रश्न विचारणारं कोणी उरलं नाही. तक्रार म्हणून सांगत नाही. जसं होतं तसं सांगते.

दवाखान्यात येणारी माणसं मात्र एकेक नमुना. महागावकडचे एक कास्तकार आले होते. डॉक्टरांनी आदल्या खेपेला त्यांना विचारलं होतं, वावराच्या बांधावर, धुऱ्यावर गाजरगवत आहे का? त्यांनी या खेपेला पुरावाच आणला, फुललेलं गाजरगवत पोतंभर. बाकड्यावर पोतं मोकळं केलं आणि म्हणाले, "हे पाहा, हेच आहे ना थे?" पाच मिनिटांत अख्खी रांग शिंकायला लागली, कंपाउंडर धरून. मी धावत जाऊन पोतं बाहेर नेलं, तर ते माझ्यामागे, "मॅडम, फेकू नोका, डॉक्टरसायेबाले दाखवाचं आहे!"

लोकांची एक समजूत मला शेवटपर्यंत काढता आली नाही. जे दिसतं आणि ज्याचा वास येतो, त्याच्यावरच लोक आळ घेतात. माघ-फाल्गुनात वावळ फुलतो. त्याची फुलं इतकी बारीक की झाड फुललंय हे कोणाला कळतही नाही. तेव्हा दवाखाना भरलेला असतो. पुढे त्याच्या बियांच्या पापडासारख्या चकत्या गल्लीभर उडायला लागतात, तेव्हा लोक म्हणतात, याच्यानंच झालं. तोवर परागकण येऊन, छळून, निघूनही गेलेले असतात. नियम सोपा आहे. ज्या झाडाला वाऱ्यावर पराग उधळायचा असतो, ते रंग आणि वास यांवर खर्च करत नाही. ज्याला किड्यांना बोलवायचं असतं, ते वास सोडतं, आणि त्याचा पराग जड, चिकट असतो. तो हवेत फार जात नाही. हे मी शेकडो लोकांना सांगितलं. सगळे मान डोलवायचे आणि घरी जाऊन मोगऱ्याची कुंडी फेकून द्यायचे.

ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, ती माझ्या गल्लीतलीच आहे.

माझ्या खोलीसमोर वानखडेकाकांचं घर होतं. काका एस.टी.त ड्रायव्हर होते. आर्णी, महागाव, उमरखेड हा रस्ता त्यांनी अर्धं आयुष्य चालवला. काकू गेल्या, मुलगा पुण्याला, काका एकटे. ओट्यासमोर त्यांनी सप्तपर्णी लावली होती. उन्हाळ्यात स्वतःच्या अंघोळीचं पाणी वाचवून जगवलेली. झाड चांगलं दुमजली झालं होतं आणि दुपारनंतर सगळा ओटा त्याच्या सावलीत असायचा.

या यवतमाळ शहरात माझ्या कामाची रोज चौकशी करणारा एकच माणूस होता, तो म्हणजे काका. मी संध्याकाळी परतले की ओट्यावरून हाक यायची, "काय बाई, आज कोन कोन उडून राह्यलं?"

"गवत आहे काका. गाजरगवतही बरंच."

"म्हंजे गवताले सीट भेटली अन् गाजरगवत उभ्यानं चाललं." आणि स्वतःच हसायचे. त्यांचं हसणं गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं. त्या एका प्रश्नासाठी मी भराभर पावलं उचलत घरी यायची, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

त्यांच्या शेजारी प्रशांत गावंडे राहायचा. शेती नेरकडे, स्वतः इथल्या कृषी केंद्रात कामाला. बायको वर्षा आणि मुलगी श्रावणी, चौथीतली. श्रावणी शाळेतून आली की दप्तर घरात टाकून थेट काकांच्या ओट्यावर. तिथंच गृहपाठ, तिथंच खाणं. काकांनी तिला घाटात गाडी कशी चढवायची ते शिकवलं होतं. ती सुपलीचं स्टेअरिंग करून तोंडानं गिअर टाकायची आणि काका प्रवासी व्हायचे. "ओ ड्रायव्हर, थांबवा, मले उतराचं आहे!" "इथं स्टॉप नाई आबाजी, खाली बसा!" काकांचा अख्खा दिवस त्या दोन तासांसाठी असायचा.

त्या वर्षी सोयाबीन कापणीला आलं आणि परतीचा पाऊस पुन्हा आला. वावरावावरांत कापून रचलेल्या गंज्या भिजल्या. जसं उघडलं तशी लोकांनी घाईघाईनं मळणी केली. नेमक्या त्याच दिवसांत सप्तपर्णी फुलली. ज्यांनी तो वास घेतला आहे त्यांना सांगायला नको. गोड, जड, अंगावर येणारा. काहींचं डोकं उठतं त्यानं, ते मी नाकारत नाही. आणि तेव्हाच श्रावणीला दम लागला. रात्रीतून खोकला वाढला, सकाळी ओठ निळसर दिसायला लागले, तिला आमच्याच दवाखान्यात वाफेवर ठेवावं लागलं. दोन दिवसांनी घरी आली. आल्यावर पुन्हा तेच.

गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी कुठलासा मजकूर पाठवला, सप्तपर्णी हे विषारी झाड, त्याच्या वासानं दमा होतो. खाली हात जोडलेली चित्रं. मग दुसऱ्यानं तोच पाठवला, मग तिसऱ्यानं.

नवरात्रात आमच्या गल्लीत देवी बसते. संध्याकाळच्या आरतीनंतर मंडपातच विषय निघाला. प्रशांत माझ्याकडे वळला. "मॅडम, माही पोरगी तुमच्याच दवाखान्यात पडून होती. आता तुमीच सांगा, ह्या झाडाचं काय कराव?"

"काही करू नका. हे झाड नाही त्यात."

"काहून नाई?" कोपऱ्यावरच्या इंगोलेकाकू म्हणाल्या. "घरात बसलं तरी वास येते. वास येते म्हंजे हवेतच असन ना थे?"

"काकू, तुमच्या फोडणीचा वास माझ्या घरी येतो. मोहरी येते का?"

सगळे हसले. इंगोलेकाकूही हसल्या. मला वाटलं, पटलं. पण हसणं वेगळं आणि पटणं वेगळं.

"मंग कायनं झालं, ते सांगा," प्रशांत म्हणाला.

ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी म्हटलं, "दोनचार दिवस द्या."

"दम लागला की दोनचार मिनिटं लय होतात, मॅडम." त्याचंही खरंच होतं. त्याच्या डोळ्यांत झोप नव्हती.

काका मागच्या खुर्चीवर बसले होते. ते हळूच म्हणाले, "प्रशांत, आता कशी आहे रे पोरगी?"

प्रशांत त्यांच्याकडे न पाहता म्हणाला, "तुमच्यापाशी बसू बसूच झालं हे काका. आता पोरगी नाई येनार तिकडं."

 काकांनी प्रसादाचा द्रोण खुर्चीखाली ठेवला आणि उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून ओटा रिकामा. श्रावणी खिडकीत दिसायची, काका दारात दिसायचे, मध्ये सप्तपर्णी फुललेली. संध्याकाळी मला हाकही आली नाही.

माझ्या मनात एक शंका होती. मळणी सुरू झाली की यंत्राच्या पट्टीवर बुरशीचे कण वाढतात, दर वर्षी. भिजलेल्या कुटाराची, म्हणजे मळणीत उरलेल्या भुश्याची धूळ ती. पण श्रावणीचा त्रास पहाटे आणि घरात जास्त होत होता. दवाखान्यात ती सुधारायची आणि घरी येऊन बिघडायची. एके दुपारी प्रशांत कामावर गेलेला पाहून मी त्यांच्या दारात उभी राहिले.

वर्षानं इकडे तिकडे पाहिलं. "या मॅडम, लवकर या. आमच्या ह्यायले नाई आवडनार."

समोरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सोयाबीनची पोती खिडकीच्या वरपर्यंत रचलेली. वावरात चोरी होते आणि भाव दिवाळीनंतर चढेल, म्हणून माल घरात. यात नवल काही नाही. आमच्याकडेही कापूस घरातच असायचा आणि आम्ही भावंडं त्याच्यावर लोळायचो. श्रावणीची गादी पोत्यांच्या वर टाकलेली होती. ती तिथंच दम्याचा पंप हातात धरून बसली होती.

"इथं झोपतेस?"

"हो. मी वर झोपतो. खाली फरशी थंडी असते. इथं कसं गरम लागते."

मी पोत्यांच्या फटीत हात घातला. खरंच गरम होतं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही याचा अर्थ सांगावा लागत नाही. धान्य गरम झालं म्हणजे आत ओल आहे. हवेतलं काय ते चिकटावं म्हणून व्हॅसलिन लावलेली एक काच मी तिथल्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी वर्षानं ती पदराखाली लपवून मला आणून दिली.

त्या काचेवर सप्तपर्णीचा एक कण नव्हता. बुरशी मात्र इतकी की मोजणं शक्यच नव्हतं. नुसती काळपट गर्दी. मी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली, आणि खोलीत सांगायला कोणी नव्हतं.

प्रशांतला मी फाटकापाशी गाठलं. सरळ सांगितलं. मला वळणं घेऊन बोलता येत नाही.

त्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "म्हंजे माह्या मालानं माह्या पोरीले आजारी पाडलं म्हनता?"

"मालानं नाही, मालातल्या ओलीनं. पोती दुसरीकडे हलव. नाहीतर निदान तिला तिथं झोपवू नकोस."

"तुमी कास्तकाराचीच पोरगी ना मॅडम? मंग कास्तकार माल कुठं ठेवते, हे तुमाले माहीत नाई का?"

"एकदा दवाखान्यात ये, काचेत पाहून घे."

"तुमच्या काचेत तं काईबी दिसन." आणि सायकल आत घेऊन त्यानं दार लावलं. ओसरीत उभी असलेली वर्षा माझ्याकडे पाहत राहिली.

मी तशीच शेजारी काकांच्या ओट्यावर गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. गादी, गरम पोती, काच. त्यांनी नीट ऐकून घेतलं. एकच प्रश्न विचारला, "पक्कं ना बाई?"

"पक्कं. तुमच्या झाडाचा काही संबंध नाही."

"बरं," ते म्हणाले.

दसरा झाला आणि पुढच्या आठवड्यात लाकूडतोडे आले. मी कामावरून आले तेव्हा अर्धं झाड खाली होतं. मला वाटलं, गल्लीनं जबरदस्ती केली. विचारलं तर कळलं, काकांनी स्वतः नगर परिषदेतून परवानगी काढली होती, माणसंही स्वतःच बोलावली होती. करवतीच्या जागी पांढरा चीक वाहत होता. फुलांचे घोस रस्त्यावर पडले होते आणि त्यांचा वास नेहमीपेक्षा जास्त येत होता. लोक दारात उभे राहून पाहत होते. खोड पडलं तसे एकेक जण आत गेले. गल्ली एकदम उघडी पडली. आजवर न दिसलेला समोरच्या भिंतीचा उडालेला रंग दिसायला लागला.

मी काकांशी बोलले नाही. मला राग आला होता. मी जीव तोडून शोधलेलं सत्य त्यांनी करवतीखाली घातलं होतं.

तीनचार दिवसांनी सकाळी निघताना पाहिलं, प्रशांतच्या दारात टेम्पो उभा. पोती भरली जात होती. भाव काही चढलेला नव्हता. प्रशांतनं मला पाहिलं आणि दोर आवळायला वाकला.

श्रावणीचा दम आठवड्याभरात बसला. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "झाड गेलं, श्वास मोकळा." खाली हात जोडलेली चित्रं, रांगेनं. मी उत्तर लिहिलं, लांबलचक. पाठवायच्या आधी उठले आणि काकांच्या ओट्यावर गेले.

"आता गल्ली म्हणते, तुमच्याच झाडानं पोरगी आजारी पडली होती. मी सगळं सांगून टाकते ग्रुपवर."

"बसा बाई," काका म्हणाले. "अन् ते मिटवा आधी."

"का म्हणून?"

"मी चाळीस खेड्यायचे पॅसेंजर पाह्यले. मानसाले वाट सोडली ना, तं तो आपून होऊन बाजूनं जाते. वाट अडवली की भांडते. हे झाड उभं असतं तं प्रशांतनं पोते हलवले असते का? हलवले असते तं साऱ्या गल्लीपुढं तो खोटा पडला असता. पोरगी तशीच पोत्यावर निजली असती. आता झाड नाई. पोते कुठं गेले, कोनी विचारत नाई."

 "म्हणजे तुम्हाला माझं पटलं होतं?"

"पटलं म्हनूनच तं तोडलं. नाई पटलं असतं तं कायले तोडलं असतं? पोरीले बरं वाटाव एवढंच होतं ना?"

"आणि तुमचं काय?"

"मी रिटायर मानूस. माह्यावर चार बोट उठले तं काय होते?" ते असं म्हणाले खरे, पण म्हणताना त्यांची नजर गावंडेंच्या दाराकडे होती. पोरगी बरी झाली की ती येईल, हा हिशेब त्यांनी मनात धरलेला होता. तो त्यांनी मला सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. मी मजकूर पुसून टाकला.

श्रावणी आली नाही. मला वाटलं, अशक्तपणा असेल. मग वाटलं, शाळा असेल. पण प्रशांतही काकांच्या समोरून जाताना मोबाइल कानाला लावून जायला लागला. कोणाशी बोलत नसतानाही.

दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरांनी श्रावणीला चाचणीसाठी बोलावलं. हातावर वेगवेगळ्या कणांच्या अर्कांचे थेंब टाकतात आणि सुईनं हलकेच टोचतात. ज्याची ॲलर्जी असेल तिथं डास चावल्यासारखी गांधी उठते. परागाच्या थेंबांवर काही नाही. बुरशीच्या थेंबावर भली मोठी गांधी. डॉक्टरांनी प्रशांतला समजावून सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत होता.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात तो माझ्यापाशी थांबला. "मॅडम, तुमचं खरं होतं."

"मला सांगून काय उपयोग? काकांना सांग."

"त्यायले माहीत आहे," तो म्हणाला. "टेम्पो भरत होता, तवा ते दारात उभे होते. काई बोलले नाईत. नुसते पाह्यले अन् आत गेले. बोलले असते तं बरं झालं असतं." मग म्हणाला, "आता कोनत्या तोंडानं जाऊ त्यायच्यापाशी?"

"तू नको जाऊस. पोरीला जाऊ दे. तिनं काय केलंय?"

 लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्या दारात बसले होते, तेव्हा श्रावणी नवा फ्रॉक घालून, रुमाल झाकलेलं फराळाचं ताट दोन्ही हातांनी सांभाळत काकांच्या ओट्याकडे येताना दिसली. वर्षा दारात उभी होती. प्रशांत आत कुठंतरी असावा.

काका बाहेर आले.  मग धोतराला हात पुसून ताट घेतलं. "आली का गं तू? बस ना. चकली खाय माह्यासंगं."

ती ओट्याच्या कडेला टेकली. दुपारचं ऊन सरळ ओट्यावर पडलं होतं. फरशी तापलेली. ती एका बाजूनं उठली, दुसऱ्या बाजूला सरकली, मग उभीच राहिली.

"ऊन लागते आबाजी," ती म्हणाली.

"हो," काका म्हणाले. "लागते खरं."

"आईनं ताट लवकर आनाले सांगतलं."

काकांनी आत जाऊन ताट रिकामं केलं. रिकामं ताट देऊ नये म्हणून त्यात खडीसाखर ठेवली. ती पळत गेली. मुलं अशीच जातात, त्यात तिचा काही दोष नव्हता. एवढ्या दिवसांत तिला सायकल आली होती आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणी झाल्या होत्या. काका बराच वेळ तिथंच उभे होते, ओट्याच्या मधोमध, उन्हात, ती गेली त्या दिशेला पाहत.

दवाखान्यातल्या माझ्या नोकरीत मी बरोबर निघाले असे प्रसंग पुष्कळ आहेत. डॉक्टर अजूनही माझ्या जागी आलेल्या नव्या मुलीला माझी उदाहरणं देतात, आणि मला त्याचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू? पण बरोबर निघून इतकं रिकामं वाटल्याचा प्रसंग तेवढा एकच.

मी घरातून प्लास्टिकची खुर्ची उचलली, रस्ता ओलांडला आणि ती काकांच्या ओट्यावर ठेवली.

"बाई, इथं लय ऊन आहे," काका म्हणाले.

"असू द्या," मी म्हटलं आणि बसले.